‘माझं कशावरून?’

दोस्तहो, मोर्चात छाती काढून चालणारा आपलाच गडी पोरीला दिवस गेले की पहिलं काय म्हणतो? ‘माझं कशावरून?’ मग म्हणतो, ‘पाडून टाक.’

ऐका. १९७१च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याचीही सही लागत नाही. दवाखान्यात ‘नवऱ्याला आण’ म्हणतात ना, तो कायदा नाही, ती नुसती बाप्यांची दादागिरी. तिच्या मनाविरुद्ध पाडलंत तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आणि ‘ठेव’ म्हणून तिला अडवायचा हक्कही आपल्याला नाही. २० ते २४ आठवड्यांची सवलत बिनलग्नाच्या बाईलाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं.

मग आपला हक्क काय? लग्नाबाहेरच्या लेकराची पालक आधी आई, मग बाप. १९५६चा पालकत्व कायदा तसं म्हणतो, आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू.

पोटगी मात्र चुकत नाही. ‘मला मूल नको होतं’ ही सबब कोर्टात चालत नाही. जुनं कलम १२५, २०२४पासून नव्या संहितेचं १४४. महिना ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये गेली. नाकारलंत तर कोर्ट डीएनए तपासणी सांगू शकतं. कायदा त्या लेकराला ‘अनौरस’ म्हणतो. शब्द घाण आहे. पण भाकर मागायला दार उघडं ठेवतो. मुंबईत ते दार वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाचं. पोरींना पत्ता सांगा.