सडपातळ देह आणि इन्सुलिनचे कुलूप

(शारजा औद्योगिक क्षेत्रातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)





आपल्यापैकी अनेक बंधू या औद्योगिक क्षेत्रातील वर्कशॉप, गोदामे आणि गॅरेजमध्ये काम करतात. काही जण कुटुंबासह राहतात, तर काही जण एका खोलीत सहा-आठ जणांच्या सोबतीने दिवस काढून गावाकडे पैसे पाठवितात. अशा श्रोत्यांपुढे हृदयविकाराचा विषय काढला की एक प्रश्न हमखास पुढे येतो : “डॉक्टरसाहेब, आम्ही तर अंगाने बारीक. हा आजार जाड्या माणसांचा ना?” या प्रश्नाचे उत्तर एका मराठी संशोधकाने आपल्या प्रकाशित कार्यातून दिले आहे. तेच आम्ही आज आपणांसमोर ठेवू इच्छितो.

हे संशोधक म्हणजे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत एक छोटेखानी लेख प्रसिद्ध केला. सोबत दोघांचे छायाचित्र होते. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बी.एम.आय. हा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३ होता. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सडपातळ आणि निर्दोष! परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काटा एकच सांगत होता आणि देह निराळेच सांगत होता. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशा या भारतीय शरीरयष्टीचा अभ्यास हेच डॉ. याज्ञिक यांच्या कार्याचे प्रमुख सूत्र आहे.

या चरबीचा हृदयाशी संबंध काय, हे समजण्यासाठी इन्सुलिन या संप्रेरकाची ओळख करून घेऊ. जेवणानंतर रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. ते रक्तातून स्नायूंच्या पेशींपर्यंत जाते; पण पेशीत सरळ शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी एक खास प्रथिन बसविलेले असते. त्यास रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असे म्हणतात. इन्सुलिन ही किल्ली मानली, तर ग्राही हे कुलूप होय. किल्ली फिरली की आत निरोप जातो, साखरेची दारे उघडतात आणि रक्तातील साखर पेशीत जाते.

पोटात चरबी साठली की तिच्यातून मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत उतरतात व हा निरोप आतल्या आत अडतो. किल्ली आहे, कुलूपही आहे, परंतु आतला खटका फिरत नाही. यालाच इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते. साखर काही वर्षे आटोक्यात दिसते. पण त्याच काळात रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, हितकारक कोलेस्टेरॉल घटते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या रोहिण्या आतून खराब होत जातात. ही सर्व लक्षणे एकाच माळेत गुंफलेली आहेत, हे अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली मांडले. तात्पर्य, मधुमेहाचे निदान होण्याच्या कितीतरी आधी हृदयाची हानी सुरू झालेली असू शकते.

आपण परदेशस्थ आहोत, म्हणून आणखी एक संशोधन सांगतो. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा अभ्यास डॉ. पॉल मॅकीग आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या पोटाभोवतीची चरबी, इन्सुलिनचा प्रतिरोध आणि मधुमेह यांचे प्रमाण तेथील युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळले. पुढे बावन्न देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरांना जवळजवळ ५९ व्या वर्षी येतो, असे २००७ साली दिसून आले. सहा वर्षांचा हा फरक ऐन कर्त्या वयातला आहे. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, गावच्या घराचे कर्ज हे सारे याच सहा वर्षांत अडकलेले असते.

मग हे आपल्या रक्तातच आहे काय? जन्माने ठरले ते अटळ, असे मानावे काय? डॉ. याज्ञिक यांचे पुढील कार्य येथेच मोलाचे ठरते. १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गर्भवती मातांचा अभ्यास आरंभिला. त्यात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू फार कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा अधिक सापडले. २००८ साली त्यांनी दाखविले की, गरोदरपणी ज्या मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक होता.

याचा अर्थ असा की, हृदयविकाराचे एक मूळ मातेच्या ताटात आहे. आणि ताट हे नशीब नव्हे. ते समाज वाढतो. शेतात राबणारी, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारी आपली आजी आणि आई आठवा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी भूमिका घेतली होती. प्रयोगशाळेने पुष्कळ वर्षांनी त्या भूमिकेला आपल्या परीने दुजोरा दिला, असे आम्ही मानतो.

आता कर्तव्याचे बोलू. पहिले, वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हावे. दुसरे, व्हिसाची वैद्यकीय तपासणी मुख्यतः संसर्गजन्य रोगांसाठी असते. तीत उत्तीर्ण होणे म्हणजे हृदयाची हमी नव्हे. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासावे. १ जानेवारी २०२५ पासून शारजातही खासगी क्षेत्रातील कामगारांसाठी आरोग्य विमा मालकावर बंधनकारक झाला आहे. आपले कार्ड मागून घ्या आणि वापरा.

तिसरे, चाला. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या कुलपाशिवायही साखर आत घेतो. चालण्याचे औषधी मर्म यातच आहे. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर अर्धा तास पुरे. चौथे, दिवसाचे चार-पाच गोड करक चहा आणि शीतपेये कमी करा. खुबूज आणि भाताच्या ढिगासोबत डाळ, भाजी, अंडी, मासळी वाढवा. तंबाखू व सिगारेट तर सोडाच. पाचवे, छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, धाप असे काही झाले, तर “गॅस असेल” म्हणून रात्र काढू नका. तत्काळ ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेही माणसाला दुखतेच असे नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेवटचे भगिनींना आणि त्यांच्या यजमानांना. घरातील मुलीच्या ताटात मुलाइतकेच दूध, अंडे, मासा पडतो की नाही, ते पाहा. सून गरोदर असेल तर तिचे बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गावाकडे पैसे पाठविताना पत्नीला, बहिणीला फोनवर एवढेच विचारा : “तू आज काय जेवलीस?” पुढच्या पिढीच्या हृदयाची निगा या साध्या प्रश्नापासून सुरू होते.



जय भीम! नमो बुद्धाय!