उभ्यानं खाणारं विमान

माझे अब्बा कोल्हापूर स्टेशनबाहेर टांगा लावायचे. गिऱ्हाईक नसलं की म्हणायचे, 'घोडा उभ्यानंही खातोय.' गेल्या वर्षी लेकीकडे जाताना एका विमानतळावर ते आठवलं. विमान जागेवर उभं, पण घरघर थांबेना. बहुतेक जेट विमानांच्या शेपटात एक लहान इंजिन असतं. मोठी इंजिनं बंद असताना ते इंधन जाळून आत वीज नि गारवा पुरवतं. ते बंद ठेवायचं तर बाहेरून वीज द्यावी लागते. ती देणारी गाडीही पुष्कळदा डिझेलचीच. सामानाचा ट्रॅक्टर, प्रवाशांची बस, तीच गत. त्या धुरात सामान चढवणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून खोकत होता. आम्ही मिनिटभरात आत गेलो. त्याला दिवसभर तिथंच राहायचं होतं.

मोठी विमानं विजेवर उडायला अवकाश आहे. जमिनीवरच्या फर्लांगभर फेऱ्यांना मात्र विजेची गाडी आजही पुरते. कुणी म्हणेल, वीज तरी कोळशाचीच ना? बरोबर आहे. म्हणूनच कोचीचं मोल. तिथल्या विमानतळानं २०१५ साली आपल्या विजेची सारी गरज सौर ऊर्जेवर नेली.

आमचा उजळाईवाडीचा तळ १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. २०२४ साली तिथं नवी इमारत झाली. तळ लहान, फेऱ्या आखूड. विजेच्या गाड्यांना इथं सोपं जाईल. पैसा लागेल, कबूल. पण हिशेब मांडणाऱ्यांना मला विचारायचंय, डिझेलच्या बिलात त्या पोराचा खोकला कुठं धरलाय?