नांगराची निशाणी आणि नावाचे चित्र



जुन्या मराठी महजराच्या शेवटी साक्षीदारांची नावे असतात. ज्याला लिहिता येत नसे त्याचे नाव लेखक लिही आणि शेजारी त्याची निशाणी उमटे. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. ही निशाणी मनुष्याचा व्यवसाय व गावातील स्थान सांगे, नाव नव्हे. दहा गावांचे दहा पाटील, पण नांगर एकच.

मेक्सिकोतील जुनी कागदपत्रे पाहताना मात्र ही सवय बाजूस ठेवावी लागते. १५२१ साली स्पॅनिशांनी अस्तेकांची राजधानी जिंकली. त्यानंतरही कित्येक दशके तेथील लेखक माणसाचे मस्तक काढून त्याला नावाचे चित्र जोडीत. भाषा नाव्हात्ल. 'इत्स्कोआत्ल' हे नाव घ्या. 'इत्स्त्ली' म्हणजे ज्वालामुखीचा काळा, काचेसारखा दगड. 'कोआत्ल' म्हणजे साप. १५४० च्या सुमाराच्या मेंदोसा पोथीत या नावाच्या राजासाठी दगडी पाती अंगावर असलेला साप काढला आहे. येथे अर्थ सरळ आहे.

परंतु त्याच सुमाराच्या वेर्गारा पोथीत, म्हणजे तेपेतलाओस्तोक येथील जमीनमोजणीच्या दप्तरात, हेच नाव लिहिताना साप काढलेलाच नाही. आहेत ते दगडाचे पाते, मडके आणि पाणी. मडके 'कोमित्ल', पाणी 'आत्ल'. प्रत्येकाचा आरंभीचा ध्वनी घ्यावा : इत्स, को, आ. नाव सिद्ध झाले! आपल्या निशाणीच्या सवयीने वाचणारा या गृहस्थाला कुंभार ठरवील.

तात्पर्य, चित्र डोळ्यांना दिसते, पण नाव कानानेच वाचावे लागते. आणि तो कान नावाच्या धन्याच्या भाषेचा हवा.

आमच्या जोयडा तालुक्यात चित्रलिपी नाही. प्रश्न मात्र ओळखीचा आहे. घरी कोकणी वा मराठीत हाक मारलेले नाव पहाणीत कन्नड अक्षरांनी उतरते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, अनुसूचित जमातींत नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. तेथे आजोबांचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असले, तर एक माणूस दोन ठरण्याचे भय असते. अशा वेळी कागद तपासणाऱ्याने अक्षरांवर निकाल देण्यापूर्वी घरातील वृद्धेला एवढेच विचारावे : हे नाव तुम्ही कसे उच्चारता?