गोरखा जिल्ह्यातील पंधरा ऑगस्ट

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



स्वातंत्र्यदिन म्हटला की आपणा सर्वांना प्रभातफेरी, ध्वजवंदन आणि जिलेबी आठवते. माझा २०१५ चा स्वातंत्र्यदिन मात्र ध्वजारोहणावाचून गेला. त्याविषयीच आज बोलणार आहे.

त्या वर्षी २५ एप्रिल रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला. केंद्रबिंदू गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ, तीव्रता ७.८. सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. तो शनिवार होता, आणि नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या. पण त्या रिकाम्या होत्या, ही ईश्वराचीच कृपा. ऑगस्टमध्ये आमची लहानशी तुकडी त्याच जिल्ह्यातील एका डोंगरी खेड्यात बांबू आणि पत्र्यांचे तात्पुरते वर्ग उभारत होती. मी लेखणी घरी ठेवून गेलो होतो, आणि ते बरेच झाले. आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी आपत्तीच्या वेळी तेथे जे वर्तन केले, त्याचा संताप लोकांच्या मनात ताजा होता. मी पत्रकार आहे, हे सांगायला चार दिवस माझी जीभ धजावली नाही.

चौदा तारखेच्या रात्री तंबूत वाद झाला. तरुण मंडळींनी तिरंगा सोबत आणला होता. शाळेच्या पटांगणात तो फडकवावा, असा त्यांचा आग्रह. मी विरोध केला. ज्याचे घर पडले आहे त्याच्या अंगणात मदतीच्या निमित्ताने जाऊन आपला ध्वज रोवायचा, याला सेवा कशी म्हणावी? नेपाळ कधीच कोणाची वसाहत नव्हता. तेथे स्वातंत्र्यदिन नसतो, आणि याचा तेथील माणसाला रास्त अभिमान आहे. माझे म्हणणे मान्य झाले. पण एक कार्यकर्ता नंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे दुःख मला कळत होते. मलाही रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी पाऊस होता. तंबूतच उभे राहून आम्ही हलक्या आवाजात राष्ट्रगीत म्हटले. संपते तोच दाराशी बुटांचा आवाज आला. गावातील वृद्ध गुरुंग हवालदारसाहेब! पाचव्या गोरखा रायफल्सचे. १९७१ च्या डिसेंबरात सिल्हेटला हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या पलटणीतले. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या, हे आपण पुस्तकात वाचतो. ते वाक्य माझ्यासमोर छातीवर पदके लावून उभे होते. ती पदके त्यांनी ढिगाऱ्यातून स्वतः उकरून काढली होती.

“झेंडा कुठे आहे?” त्यांनी हिंदीत विचारले. मी चाचरत कारण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “शाळेत नको, बरोबर आहे. शाळा नेपाळची. माझ्या घरी चला.”

घर म्हणजे चार पत्रे. आत रेजिमेंटच्या छायाचित्राशेजारी त्यांनी तिरंगा स्वतःच्या हातांनी लावला, दोन पावले मागे सरकले आणि कडक सलाम केला. आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटेना. त्यांच्या पत्नीने तांदळाच्या पिठाची, कड्यासारखी तळलेली सेल रोटी पुढे केली. जिलेबीची आठवण कोणीच काढली नाही.

मग त्यांनी पदके उतरवून पेटीत ठेवली, हातोडा उचलला आणि आमच्याबरोबर शाळेकडे निघाले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे तेथे शाळेचा दिवस. आणि एका वर्गाचे छप्पर अजून घालायचे होते.