पुतळ्यातला माणूस कुठं गेला?



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. भाषणाची सवय नाही, ओझ्याची आहे. तेव्हा ओझ्याचंच बोलतो.

गोदीतून सुटलो की कधीमधी हुतात्मा चौकात जातो. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी गोळ्या घातल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. गिरणी कामगार त्यात पुढं होता. त्यांच्या स्मारकावर दोन गडी उभे आहेत. एक शेतकरी, एक कामगार. हातात मशाल.

अशीच एक जोडी मॉस्कोत आहे. व्हेरा मुखिना या बाईनं १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी घडवलेली. पोलादाची, सुमारे २४ मीटर उंच. तिथं कामगाराच्या खांद्याला खांदा लावून शेतकरी बाई आहे. १९९१ ला सोव्हिएत सत्ता गेली. त्याच साली बर्लिनचा लेनिन उतरवायला घेतला, तुकडे करून जंगलात पुरला. २०१५ ला त्याचं मुंडकं उकरलं, ते संग्रहालयात ठेवायला! मुखिनाची जोडी २००३ ला उतरवली, २००९ ला दुरुस्त करून आधीपेक्षा उंच चौथऱ्यावर चढवली. राज्य बुडालं, पुतळा वर गेला.

आपल्याकडं पुतळ्याला कुणी हात लावला नाही. दर १ मे ला हार पडतो. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, त्या जागी मॉल अन् टॉवर आले. म्हंजे तिकडं पुतळा हलवला, इकडं पुतळ्यातला माणूसच हलवला. हार घालणाऱ्याला हे सोयीचंच. पुतळा पगार मागत नाही.

दुसरा सवाल. तो शेतकरी कोण? त्याच्या नावावर सातबारा असंल. माझ्या आज्याच्या नावावर नव्हता. १९७२ च्या दुष्काळात यानं याच जिल्ह्यात खडी फोडली. माझी माय अजून कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. तिचा हात त्या मशालीला का नाही लागला? खडी फोडणारे आम्ही, चौथऱ्यावर मात्र आम्ही नाही!

पुतळा पाडा, असं मी म्हणत नाही. मशाल आपलीच आहे. पण पुढच्या १ मे ला हार नेऊ नका, हजेरीपट न्या. कोण कोण गैरहजर आहे, ती नावं तिथं मोठ्यानं वाचा.