शरीरातील दाह : रक्षक आणि वैरी
(कार्डिफ येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्या रक्ताने मला जे शिकविले, तेवढेच आज आपल्यासमोर मांडणार आहे. विषय आहे शरीरातील दाह.

बोटात काटा रुतला की थोड्याच वेळात ते बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक सेल्सस याने दाहाची हीच चार लक्षणे लिहून ठेवली. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, जंतूंना गिळतात आणि दुरुस्तीला हातभार लावतात. काम संपले की दाह ओसरतो. तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता. तेव्हा दाह हा मुळात आपला पहारेकरी आहे. संकट उद्भवते ते तो ओसरत नाही आणि राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे धुमसत राहतो तेव्हा.

याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. कार्डिफच्या बंदरातून एकेकाळी जगभर कोळसा जात असे. त्या कोळशाची धूळ खाणकामगारांच्या फुप्फुसांचे काय करते, याच्या अभ्यासासाठी १९४५ साली शहरालगतच्या लॅन्डॉक रुग्णालयात संशोधनकेंद्र सुरू झाले. श्वासाबरोबर आत गेलेला धुळीचा कण पांढरी पेशी गिळते. परंतु तो तिला पचविता येत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. शत्रू संपत नाही म्हणून लढाई संपत नाही, आणि त्या लढाईत मऊ फुप्फुसावर कठीण व्रण साचत जातात. गिरणीतील कापसाच्या धुळीने दम कोंडलेले वडीलधारे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या घरात पाहिले असतील. त्यांच्या खोकल्यामागेही दाहच होता.

या केंद्रात काम केलेले डॉ. आर्ची कॉक्रेन पुढे कार्डिफमधील साथरोग-संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. एखादा उपचार गुणकारी आहे हे कोणी थोर माणूस सांगतो म्हणून मानू नये, रीतसर चाचणी घेऊन पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९७४ साली डॉ. पीटर एलवुड, कॉक्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवरील अ‍ॅस्पिरिनच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. परंतु एवढ्यावरून ठाम निर्णय देता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. पुढील चाचण्यांनी तो लाभ खरा ठरविला.

मग १९७९ साली कार्डिफच्या उत्तरेस असलेल्या केरफिली या गावी ४५ ते ५९ वयाच्या सुमारे २,५०० पुरुषांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असे आढळले की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेन अधिक, त्यांना हृदयविकाराचा धोकाही अधिक. हे दोन्ही घटक दाहाबरोबर वाढतात. म्हणजे वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात धोक्याची सूचना आधीच उमटलेली असते.

रक्तवाहिनी म्हणजे केवळ नळी आणि चरबी म्हणजे तिच्यात साचलेला गाळ, ही समजूत अपुरी आहे. कोलेस्टेरॉल वाहिनीच्या अस्तराखाली शिरते, पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि तेथे दाह सुरू होतो. त्या दाहाने चरबीच्या गाठीवरील आवरण पातळ होऊन फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि झटका येतो. २०१७ साली हृदयविकाराच्या सुमारे १०,००० रुग्णांवरील चाचणीत कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह शमविणारे औषध देण्यात आले. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले. पहारेकऱ्याला झोपविले तर चोर शिरणारच.

आता आपल्याविषयी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण आतून चरबीयुक्त असू शकतो. विशेषतः पोटातील चरबी स्वस्थ पडून राहत नाही; ती दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडते. त्यामुळे इन्सुलिनचे काम अडते आणि मधुमेहाची वाट मोकळी होते.

माझा थोरला भाऊ कामठीला असे. अंगाने काटकुळा. "याला काय होणार?" असे घरातले सगळे म्हणत, आणि मीही म्हणत असे. दरमहा मी त्याला पैसे पाठविले. साखर तपासून घे, असे मात्र एकाही पत्रात लिहिले नाही. बावन्नाव्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. इकडे हजारो अनोळखी माणसांचे रक्त मी तपासले, पण सख्ख्या भावाचे रक्त कोणी तपासावे असे मला सुचले नाही. हे शल्य मी कोणाची सहानुभूती मिळविण्यासाठी सांगत नाही. आपल्या घरी तसे घडू नये म्हणून सांगतो.

दुखणे अंगावर काढण्यात आपल्याकडे पुरुषार्थ मानतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मधुमेह आणि पायांच्या वेदना सोसत काम केले, हा दाखला अनेकजण देतात. परंतु बाबासाहेब उपचारांसाठी दिल्लीहून मुंबईला जात, हे सांगायला विसरतात.

तेव्हा करावे काय? घरी गेल्यावर मोजपट्टी घ्या. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर यांपेक्षा अधिक असेल तर ती सूचना समजा. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. वेल्समध्ये २००७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांना पैसे पडत नाहीत; तेव्हा खर्चाची सबब नको. सिगारेट, तंबाखू आणि माता-भगिनींची मिश्री सोडा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जा, कारण हिरड्यांचा जुनाट दाह आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात. हळद भाजीत अवश्य घाला, पण तिला औषधाची जागा देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही मनाने सुरू करू नका; तिने रक्तस्राव होऊ शकतो.

केरफिलीच्या अभ्यासाचा तीस वर्षांचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, नियमित व्यायाम, फळे-भाज्यांचा आहार आणि मद्य मर्यादेत, या पाचांपैकी चार-पाच सवयी पाळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. तशा सवयी पाळणारे मात्र फारच थोडे होते.

या देशात आपण आलो, कष्टाने घरे उभी केली, मुलांना शिकविले. त्या मुलांचे संसार पाहायला आपणही असले पाहिजे. आज रात्री गावी फोन कराल तेव्हा ख्यालीखुशालीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा : "साखर कधी तपासली होती?"