मनोविकार-चिकित्सक आणि न्यायालय
(खासबाग, बेळगाव येथील व्याख्यानातून)



खासबागेसारख्या विणकरांच्या वस्तीतून मनोविकाराचे रुग्ण धारवाडला नेले जातात. उपचारात अपाय होऊन दावा झाला, तर डॉक्टरने काय करावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे १९५३ साली पाय मोडलेला एक तरुण उपचारादरम्यान मरण पावला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरचे कर्तव्य तीन ठिकाणी सांगितले : रुग्ण स्वीकारताना, उपचार ठरविताना आणि तो करताना. मनोविकार-चिकित्सकही यास अपवाद नाही. इंग्लंडमधील १९५७ चा बोलम खटला तर विद्युत्-उपचारात हाडे मोडलेल्या मनोरुग्णाचाच होता. जबाबदार समव्यवसायींना मान्य असलेली पद्धत अनुसरणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे त्यातील तत्त्व आपल्याकडे २००५ मध्ये स्वीकारले गेले. मात्र भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता असा उपचार करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

ग्राहक आयोगाची नोटीस येताच डॉक्टरने वकिलाचा सल्ला घ्यावा. लेखी उत्तरास मुदत ३० दिवसांची, फार तर ४५. कागदपत्रांत मागाहून एक अक्षरही घालू नये. संमती, सांगितलेले धोके आणि आत्महत्येच्या विचारांविषयी केलेली विचारपूस यांची त्याच दिवशी नोंद ठेवावी. आपले उपचाराचे कागद पाहणे हा रुग्णाचाही कायदेशीर हक्क आहे. अशी खरी नोंद निर्दोष डॉक्टरास तारते, आणि अन्याय झालेल्या रुग्णासही न्याय मिळवून देते.